तिकडचे आठ, इकडचे सात

गहू भिजत घातले की तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास सुटतो. ज्याला तो वास सोसत नाही त्याने फाल्गुनात माझ्या घरी येऊच नये. यंदाही सुटला आहे. परसातला कडुनिंब पानं टाकून राहिला आहे, दोनदा झाडली तरी स्लॅब पिवळीच्या पिवळी, आणि मी साठी उलटलेली बाई पदर खोचून कुरडयांच्या मागे लागली आहे. समोरच्या बोंद्रेकाकांची नवी सून शिल्पा मदतीला आली होती. म्हणाली, "काकू, सगळं विकत भेटते नं आता. काहून एवढी मरमर करता?" भेटतं ना बाई, सगळं भेटतं. पण माझ्या स्लॅबवरचं ऊन कोणत्या दुकानात भेटतं ते सांग, मी तिथे जाते.

चीक शिजवायला मांडणीवरून मोठा गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, काढला. जर्मनचा, माझ्या लग्नातला, पंधरा माणसांचं वरण होईल एवढा. एका अंगाने तो इतका ठोकलेला आहे की शेगडीवर सरळ बसत नाही, डुगडुगतो. शिल्पाने तो उलटासुलटा करून पाहिला. "हा मोडीत देऊन टाका काकू. पोरांनी आपटला काय?"

"मी ठोकला," मी म्हटलं. "आणि हा गंज मोडीत जाणार नाही. मी मेल्यावरही नाही."

पोरीने गंज घाईने खाली ठेवला. मी पंचवीस-तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आहे, माझा आवाज असा अचानक निघतो. तिच्या लक्षात यायला वेळ लागेल. तिला सांगायला बसले तर चीक लागेल, म्हणून तिला अर्धंच सांगितलं. बाकीचं इथे लिहून राहिली आहे.

आमचे हे गेल्यावर वरची खोली रिकामी पडली होती. प्रतापनगरात भाडेकरूंना तोटा नाही, पण मला टीव्ही मोठ्याने लावणारा माणूस नको होता. एका ओळखीच्या बाईंनी थिरीला पाठवलं. मंडालेची मुलगी, पाली शिकायला नागपुरात आलेली. मंडाले म्हटल्याबरोबर मी म्हणाले, "अगं, आमच्या शाळेच्या पुस्तकात होतं तुझं गाव! तिथला तुरुंग होता." ती हसली, आणि मराठी आल्यावर एकदा म्हणाली, "मॅडम, आमचं गाव लई मोठं आहे. तिथे राजवाडा पण आहे. तुमच्या पुस्तकवाल्यांनी तुरुंगच पाहिला?" वर्षभरात तिने मराठी उचलली ती भाजीवाल्याकडून, ऑटोवाल्याकडून आणि बोंद्रेकाकांकडून. 'मी अभ्यास करून राहिली', 'मले भूक लागली', असं ती त्या नाजूक आवाजात म्हणाली की माझं हसू थांबायचं नाही. सकाळी पाच वाजता तिची बुद्धवंदना चालायची. शब्द तेच, चाल निराळी. मी खाली चहा ठेवता ठेवता माझ्या चालीत म्हणायचे.

कोरोनाचं दुसरं वर्ष लागलं होतं. फेब्रुवारी उजाडला आणि एका सकाळी वंदना ऐकू आली नाही. वर जाऊन पाहते तर पोरगी जिन्यात बसलेली, फोन मांडीवर.

"मॅडम, आमच्याकडे लष्करानं सरकार घेतलं."

"घेतलं म्हणजे?"

"म्हणजे लोकांनी निवडून दिलेले सगळे पकडले. आईचा फोन लागत नाही."

तिच्या आईने आणि भावाने नुकतंच मत दिलं होतं. शाई लागलेल्या बोटांचा फोटो थिरीने मलाही दाखवला होता, दोन बोटं शेजारी शेजारी, एक सुरकुतलेलं. भावाचं नाव झॉ. सरकारी शाळेत गणिताचा मास्तर. फोन लागू लागले तेव्हा कळलं की त्याने शाळेत जाणं बंद केलं. त्याच्यासारखे कितीतरी. डॉक्टर, रेल्वेवाले, बँकवाले, सगळे घरी बसलेले किंवा रस्त्यावर फुलं घेऊन उभे. मला आधी ते पटलं नाही. सरळ सांगते, मी मास्तरीण. शाळा बंद पाडणं मला कधी मानवलं नाही. थिरीला तसं म्हटलंही. ती जेवत होती, घास हातात धरून म्हणाली, "मॅडम, त्यांना सगळं पाहिजे. रेल्वे पाहिजे, बँक पाहिजे, दादाची शाळा पण पाहिजे. दादा म्हणते, माझ्या हातानं मी देत नाही."

मी जन्मभर शिट्टी मारून पोरांना सावधान-विश्राम करायला लावलं. हजारभर पोरं एका शिट्टीत एका रेषेत उभी करायची, त्याचा मला मोठा अभिमान. त्या दिवशी भांडी घासताना डोक्यात एकच आलं: शिट्टी वाजली आणि सगळं मैदान खालीच बसून राहिलं तर शिट्टीवाल्याने करायचं काय? आमच्या आईची आठवण झाली. छप्पन साली धम्मदीक्षेच्या दिवशी ती आपल्या बापाचं बोट धरून त्या मैदानात उभी होती. सांगायची, "आम्ही कोणाले काही म्हटलं नाही वं. फक्त आता हे मानत नाही म्हटलं आन् पांढरे लुगडे नेसून उभे राहिलो." एवढंच सांगायची, पुन्हा पुन्हा. मला लहानपणी कंटाळा यायचा.

आणि मग ती संध्याकाळ. मी खालच्या खोलीत बातम्या लावून बसले होते. वरून ठणठण आवाज सुरू झाला. आधी वाटलं, माकडं आली. काठी घेऊन वर धावले तर थिरी स्लॅबच्या कठड्याशी उभी, माझा कुरडयांचा गंज उपडा घातलेला, आणि भाजी परतायच्या लोखंडी सराट्याने ती तो बडवून राहिली. तोंड रडवेलं आणि हात काही थांबेना.

"अगं ए! काय करतेस? गंज फोडतेस का माझा?"

तिने सांगितलं. त्यांच्याकडे घरात काही वाईट शिरलं, भूतबाधा झाली, की भांडी वाजवून ते हाकलतात. लष्कर आल्यापासून रोज रात्री आठ वाजता अख्खा देश खिडक्यांत उभा राहून भांडी वाजवतो. तिकडचं घड्याळ एक तास पुढे. तिकडचे आठ म्हणजे इकडचे सात. "मले पण वाजवायचं आहे, मॅडम. मी एकटी इथे गप्प कशी बसू?"

"वाजव," मी म्हटलं, "पण कडेवर मारू नकोस, चीर जाईल. मधे मार."

दुसऱ्या दिवशी सात वाजता ती वाजवायला लागली आणि थोड्या वेळाने समोरच्या गॅलरीतून थाळी वाजली. बोंद्रेकाकू. मग त्यांच्या पलीकडच्या घरातून. मग कोपऱ्यावरचे निवृत्त साहेब स्वतः घंटी घेऊन फाटकात उभे. दोन-चार दिवसांत अख्खी गल्ली सातच्या ठोक्याला बाहेर! पोरंसोरं डबे घेऊन, कोणी शंख काढला, कोणी दाराशी पणतीही लावली. मी चाट पडले. प्रतापनगरात इतकं मन कुठून आलं? मला भरून आलं, लोकांबद्दल वाईटसाईट बोलले असेन तेवढं सगळं मनात मागे घेतलं. थिरीचं तर काही विचारूच नका. गंज वाजवता वाजवता एका हाताने तिने फोन धरला आणि आईला सगळी गल्ली दाखवली. पलीकडे त्या माउलीने तोंडावर हात घेतला. सुरकुतलेलं बोट मी ओळखलं.

ती गंमत आठवड्याभराने फुटली. बोंद्रेकाका दूध घेऊन येत होते, मी फाटकात. म्हणाले, "मॅडम, हे सरकारनं किती दिवस वाजवाले सांगतलं हो? मांगच्या साली तं एकच दिवस होतं."

"कुठल्या सरकारने?"

"कोरोनाचं नं! तुमच्या स्लॅबवर सुरू झालं तं आम्ही समजलो का नवीन आदेश आला. तुम्ही मॅडम मानसं, तुम्हाले पयले मालूम पडते."

मी फाटक धरून उभी राहिले. आधी हसू आलं, मग ते आटलं. वर्षापूर्वी आम्ही थाळ्या वाजवल्या होत्या त्या वाजवा म्हटलं म्हणून. तोच हात यांचा आपोआप चालला होता. आणि तिकडे मंडालेच्या एका गल्लीत एक बाई शेजारणींना सांगत होती की हिंदुस्थानातली एक अख्खी गल्ली आपल्यासाठी उभी आहे.

थिरीला सांगितलं. तिने गंज खाली ठेवला, कोपऱ्यात बसली. म्हणाली, "आईनं सगळ्यांना सांगितलं, मॅडम. तिच्या गल्लीतल्या बायका घाबरून राहिल्या होत्या, त्या हे ऐकून परत खिडकीत आल्या. आता मी आईला काय सांगू? खोटं होतं म्हणून सांगू?"

पोरीचा तो चेहरा माझ्याने पाहवेना. मी म्हटलं, "काही सांगू नकोस. खोटं असेल तर आपण ते खरं करू."

रविवारी सकाळी मी माझी जुनी शिट्टी काढली. खोटं नाही सांगत, गल्लीच्या मधोमध उभी राहून वाजवली. मास्क लावून, हातभर अंतर ठेवून सगळे बाहेर आले. मी लोकांना सांगितलं की आपण जे वाजवत होतो ते कोरोनासाठी नव्हतंच. ही पोरगी कुठली, तिच्या देशात काय झालं, तिची आई काय समजून बसली आहे, सगळं सांगितलं. म्हटलं, "ज्याला थांबायचं त्याने आजपासून थांबावं. मी कुणाला आदेश द्यायला आलेली नाही."

बोंद्रेकाकांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मारबत काढून राहिले ते लोकं! असं सरळ सांगायचं नं!"

नागपूरबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात मारबत निघते. बाईच्या आकाराचा तो भलामोठा पुतळा, मागे बडग्यांची वरात, ज्या गोष्टीने लोकांना छळलं तिचा बडग्या करायचा, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, वाटेल त्याचा, आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत वेशीबाहेर नेऊन जाळायचा. आमच्या घरी हे सण कधी नव्हते, पण रस्त्याच्या कडेला उभं राहून मी लहानपणापासून पाहिलं आहे. थिरीला कळेना. काकांनीच तिला समजावलं, हातवारे करून, "तुमची ईडा पीडा मोठी हाय वं पोरी. एका दिवसात नाही जात. वाजवा लागन."

साहेबांना पटलं नाही. "दुसऱ्या देशाचं लफडं आपल्या गल्लीत कशाला? उद्या चौकशी झाली म्हणजे?" त्यांनी घंटी घरात नेऊन ठेवली. आणखी काही जण हळूहळू आत गेले. त्यांचा मला राग आला होता, अजून थोडा आहे. पण सात वाजले तेव्हा बोंद्रेकाकू थाळी घेऊन उभ्या होत्या, पलीकडचे दोघं-तिघं होते, आणि या वेळी कशासाठी वाजवतो ते प्रत्येकाला ठाऊक होतं. आवाज आधीपेक्षा कमी होता. मला तो जास्त आवडला.

पळस फुलायला लागला होता. अंबाझरीकडे गेलं की रस्त्याच्या कडेला तो दिसायचा, एक पान नाही अंगावर आणि वरून खालपर्यंत लाल. ऊन चढत होतं, कूलर उतरवून त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या होत्या. कुरडया त्या साली झाल्या नाहीत, कारण गंज रिकामा नव्हता.

पोलिसांत तक्रारीचा अर्ज कोणी केला ते मी कधी शोधलं नाही. एका दुपारी चौकीवरचा एक शिपाई आला, तरुण, मास्क हनुवटीवर. फाटकातच उभा राहिला. "मॅडम, मी तुमच्या शाळेत होतो. तुम्ही मले लई पळवलं." मग आवाज खाली करून म्हणाला, "पोरगी परदेशी आहे. शिकाच्या व्हिसावर आलेल्यानं असं काही केलं अन् वरपर्यंत गेलं, तं तिले वापस पाठवतीन. मी आपला घरचा म्हणून सांगून राहिलो. तिले वाजवू देऊ नका."

परत पाठवतील. कुठे, तर तिथेच. थिरीने जिन्यातून ऐकलं होतं. संध्याकाळी साडेसहालाच ती खोलीचं दार लावून बसली. मी खाली घड्याळाकडे पाहत होते. पावणेसात झाले, सातला पाच कमी झाले. गल्लीत सामसूम. बोंद्रेकाकू थाळी घेऊन गॅलरीत आल्या आणि आमच्या स्लॅबकडे पाहत थांबल्या. सुरुवात नेहमी आमच्याकडून व्हायची.

मला एकदम संताप आला. कुणाचा ते सांगता येत नाही, सगळ्यांचाच. गुडघे दुखत होते, तशीच दणादणा जिना चढले. थिरीच्या दारावर थाप मारली. "सराटा दे."

"मॅडम, पोलीस बोलले नं..."

"तुला बोलले. मी कुठे परदेशी आहे? गंज माझा, सराटा माझा, स्लॅब माझी, आणि या शहरात माझी आई मान वर करून उभी राहिलेली आहे. आण इकडे."

आणि मी वाजवलं. बाई गं, काय वाजवलं! पी.टी.चा हात होता, पहिल्याच फटक्यात गंजाला पोचा पडला. गल्लीने ऐकलं. काकूंची थाळी लागली, मग बाकीच्यांची.

त्या दिवसापासून रीतच पडली. सातला थोडा वेळ असताना मी माझ्या फोनवरून थिरीच्या आईला फोन लावायचा. तिकडे इंटरनेट केव्हाच बंद केलं होतं, साधा फोन लागला तर लागायचा. थिरी आत बसून आईशी बोलायची, मग फोन माझ्या हातात. मी तो वर नेऊन कठड्यावर ठेवायचे आणि वाजवायचे. ती माउली तिकडे ऐकायची, तिचंही भांडं वाजायचं, बारीक, टिणटिण, फोडणीचं छोटं कढलं असावं. वाजवून झालं की मी फोन कानाला लावून मराठीत विचारायचे, "जेवलात का?" ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणायची. एकमेकींचा एक शब्द आम्हाला कळत नव्हता. फोन ठेवताना दोघी हसायचो.

मग झॉला नेलं. घरी आले आणि घेऊन गेले, कुठे ते सांगितलं नाही. कामावर परत येतो एवढं म्हण, सोडतो, असं म्हणे सांगितलं होतं. तो म्हणाला नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या गल्लीत ज्या ज्या खिडकीतून भांडं वाजलं तिची काच फोडली. गल्ली गप्प झाली. थिरीची आई घरात एकटी.

त्या संध्याकाळी थिरी म्हणाली, "आज फोन नको, मॅडम. तिला भीती वाटेल."

"आज तर लावायचाच," मी म्हटलं आणि नंबर लावला.

फोन लागला. थिरीने दोन-तीन वाक्यं बोलून माझ्याकडे दिला. मी तो कठड्यावर ठेवला आणि सराटा उचलला. त्या दिवशी बोंद्रेकाकाही थाळी घेऊन आले, पलीकडची कॉलेजची पोरं आली, आणि कोपऱ्यावरच्या घराच्या खिडकीत, पडद्यामागून, एक घंटी वाजली. मी पाहिलं नाही असं केलं. दमेपर्यंत वाजवलं. मग फोन कानाला लावला.

पलीकडे तिचं कढलं नव्हतं. नुसती शांतता, लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मला वाटलं, फोन ठेवून ती आत गेली. आणि मग एक आवाज आला. टण्. तिचा नव्हे, तिचा मला पाठ होता. हा लांबचा, जाड. थोडं थांबून दुसरा, वेगळ्याच बाजूने. मग तिसरा. मग एकदम खूप सारे.

मी थिरीला हाक मारली. तिने ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. आईने काय केलं ते तिच्या लक्षात आलं होतं. त्या बाईने फोनचा आवाज सगळा मोठा करून तो फुटक्या खिडकीत ठेवला होता, बाहेर तोंड करून. मुक्या झालेल्या त्या अंधाऱ्या गल्लीत आमचं प्रतापनगर वाजत होतं! आणि शेजारच्या घरांनी ते ऐकून भांडी उचलली होती.

फोन तुटला. रात्रभर आम्हा दोघींच्या डोळ्याला डोळा नाही. सकाळी तिचा फोन आला तेव्हा थिरी ऐकता ऐकता हसायला लागली, डोळे पुसत. शिपाई आले होते. कोण वाजवत होतं, विचारत होते. आईची सगळी भांडी मांडणीवर जागच्या जागी. ते म्हणाले, तू वाजवलंस का? ती म्हणाली, नाही. पंचशील पाळणारी बाई, तिला या गोष्टीचा फार आनंद झाला होता. थिरीने मला समजावून सांगितलं, "आई म्हणते, बघ, मले खोटं बोलावं लागलं नाही."

एप्रिल आला आणि आमच्यावरच गदा आली. त्या एप्रिलबद्दल नागपूरच्या माणसाला काही सांगायला नको. रुग्णवाहिकांचा आवाज थांबत नव्हता. बोंद्रेकाकू गेल्या. थाळीचा सगळ्यात पहिला आवाज त्यांचा असायचा. त्या दिवशी सात वाजले तेव्हा मी सराटा हातात घेऊन नुसती उभी राहिले, हात उचलेना. दुःखाच्या घरासमोर काय वाजवायचं? तेवढ्यात समोरच्या बंद खोलीच्या खिडकीत, जिथे काका स्वतः आजारी पडून होते, पेला गजावर आपटला. मग परत. मी रडत रडत वाजवलं. थिरी आत भात शिजवत होती, तो डबा तिने काकांच्या फाटकाला नेऊन अडकवला.

पाऊस लागला, थिरीची परीक्षा झाली, पुढे ती पुण्याला नोकरीला गेली. तिकडे अजून तेच राज्य आहे. पेपरात आता त्याची बातमी आतल्या पानावरही येत नाही. साहेब मागे एकदा म्हणाले, "मॅडम, इतकं वाजवलं, काय झालं सांगा?" मी म्हटलं, "साहेब, ते अजून हुकूम देऊन राहिले आणि लोक अजून मानून नाही राहिले. एवढं झालं." त्यांनी मान हलवली. दर पौर्णिमेला सात वाजता मी तिच्या आईला फोन लावते. गंज, कढलं, 'जेवलात का'. झॉ आतच होता. तिकडे दर वेळी एकच भांडं वाजायचं, आणि एकच वाजतं हे ऐकून मी जिना उतरायचे.

आज दुपारची गोष्ट. गंजात चीक रटरटत होता, शिल्पा चाटूने ढवळत होती, आणि माझा फोन वाजला. तिकडचा नंबर. पौर्णिमा नव्हती, सात वाजले नव्हते. माझे हात चिकाने माखलेले, तसाच उचलला. "आई?" मी म्हटलं. "काय झालं?"

ती बोलली नाही. टिणटिण. तिचं कढलं, अगदी फोनजवळ, हलक्या हाताने. मला काही समजेना. या वेळेला हे काय? आणि मग त्याच्या शेजारी दुसरं भांडं वाजलं. जाड, ठाम, तिच्या तालाशी न जुळणारं.

दोन होती.

मी शिल्पाच्या हातातला चाटू ओढून घेतला आणि त्या भरल्या गंजावर हाणला. ठप्प आवाज झाला. परत हाणला. "काकू, चीक लागून राहिला नं!" ती ओरडली. "लागू दे!" मी म्हटलं, आणि ढसाढसा रडायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, बाजूची थाळी उचलून तीही वाजवायला लागली. सासूचाच हात. वाजवता वाजवता घाबरून विचारते, "कोरोना परत आला काय, काकू?"

अर्ध्या तासाने थिरीचा फोन. तिला श्वास पुरत नव्हता. "मॅडम, दादा..."

"सुटला," मी म्हटलं.

"तुम्हाले कोणं सांगितलं?"

"तुझ्या आईने. आणि त्याने."

ती किती वेळ हसत होती आणि रडत होती. मग म्हणाली, "आईनं त्याच्यासाठी ताट वाढलं होतं, मॅडम. तो म्हणाला, जेवण राहू दे. आधी भांडं दे."

चीक खाली लागलाच होता. वरचा वरचा काढून कुरडया घातल्या, गंज घासून स्वच्छ केला, आणि सात वाजता तो घेऊन स्लॅबवर गेले. बोंद्रेकाका समोर थाळी घेऊन आधीच उभे होते.